उसना हात

हिरा स्वच्छ कोणता आणि घाणेरडा कोणता, हे शिकवायला आमच्या गावात माणसं आली होती. आम्हाला, कोनो जिल्ह्याच्या लोकांना. दोन गाड्या भरून आली, प्यायचं पाणी सोबत घेऊन आली, आणि आमच्याच पायाखालच्या दगडांबद्दल आम्हाला अक्कल शिकवायला चावडीत खुर्च्या टाकून बसली. माशाच्या पिल्लाला पोहणं शिकवायचं, त्यातली गत.

मी येई. तेंगबाडू माझं गाव, पण पोटासाठी मी कोइडू शहराच्या नाक्यावर भात विकते. भात आणि कसाव्याच्या पाल्याचं कालवण. आसपासच्या खाणींत उतरणारे गडी माझ्याच बाकड्यावर जेवून जातात, आणि जेवताना माणूस जे बोलतो ते बायकोपाशीही बोलत नाही. तेव्हा येईला हिऱ्याच्या धंद्यातलं काय कळतंय, असं कुणी म्हणू नये.

फिंदा माझी थोरली बहीण. आमच्यात मुलीला जन्माच्या क्रमानं नाव मिळतं. तिसरी ती फिंदा, चौथी ती येई. पहिल्या दोघी लढाईत गेल्या. आता तिसरी आणि चौथी, एवढ्याच बहिणी उरलोय, आणि आमच्या बापाचं एक भाताचं खाचर.

त्या खाचराखाली हिरे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच तर आमचं नशीब फुटकं. लढाईत बंडखोर पोरं आली आणि त्यांनी गावाला तिथं खणायला जुंपलं. उपाशी, तहानलेलं. फिंदाचा नवरा काई तिथंच खणता खणता मेला. मरण्याआधी तिनं त्याला चोरून पाणी नेलं होतं, म्हणून त्यांनी तिचा उजवा हात मनगटातून तोडला. दगड वर आले ते कुठल्या कुठं गेले. कुणाच्या तरी बोटांत असतील, चमकत असतील. काई आणि त्याच्यासोबत मेलेले गडी खाचराच्या वरच्या अंगाला, पांढऱ्या सावरीखाली पुरलेत.

लढाई संपल्यावर आम्ही छावणीतून परत आलो तेव्हा खाचर कसलं, नुसते खड्डे होते. फिंदानं ते एका हातानं बुजवले. मी मदत केली, पण बुजवले तिनंच. लोक म्हणाले, बाई, खड्डे बुजवतेस कशाला, चाळून बघ, एखादा खडा सापडला तर जन्माची सोय होईल. ती म्हणाली, "मला भात हवाय. दगड शिजत नाही." आता तिथं दरसाल भात होतो, आणि तो खाऊनच आम्ही जगतो.

आता एक सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात द्यायचं ते उजव्या हातानं. पाणी असो, पोर असो, जमीन असो. डाव्या हातानं दिलं तर ते दिलं नव्हे, तोंडावर थुंकलं. जमीन परक्याला द्यायची तर चावडीत सगळ्यांसमोर कोलाचं फळ द्यायचं, उजव्या हातावर ठेवून. घेणाऱ्यानं ते खाल्लं की संपलं. पण लढाईनंतर पंचाईत झाली. ज्यांनी द्यायचं त्यांतल्या कितीतरी जणांना उजवा हातच राहिला नव्हता. मग आमच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं, पा साफेआनं, पा म्हणजे वडीलधारा, तोड काढली. ज्याला हात नाही त्याच्या थोट्या हाताखाली रक्ताच्या माणसानं आपला उजवा हात धरायचा आणि त्या तळव्यावरून वस्तू द्यायची. तेवढ्यापुरता तो हात त्याचा. याला आम्ही हात उसना देणं म्हणतो. हे फक्त आमच्या गावातलं आहे, शेजारच्या गावातही नाही.

फिंदाला हात उसना द्यायचा तो मी. तिच्या लेकीच्या लग्नात दिला, मयताला दिला, बारशांना दिला. ती मला म्हणते, "येई, तुझा हात माझ्याकडंच राहू दे गं. तुझ्यापाशी असला की नुसतं कालवणात मीठ जास्त घालतो."

तर ती माणसं. परदेशातली दागिन्यांची कंपनी होती. तिकडच्या बायकांना म्हणे आमच्या लढाईची चित्रं बघून अंगठ्या घेववेनात. धंदेवाल्यांना लाज वाटली असेल, असं समजू नका. गिऱ्हाईक तुटलं. आमचे हात तुटत होते तेव्हा कुणाची झोप उडाली नाही, गिऱ्हाईक तुटल्यावर उडाली. मग सगळे एकत्र बसले आणि त्यांनी युक्ती काढली की दगडासोबत सरकारी शिक्क्याचा कागद असला म्हणजे दगड स्वच्छ.

हे आम्हाला समजावून सांगायला लिस्क नावाचा माणूस होता. राजधानीचा, फ्रीटाऊनचा. लढाईची सगळी वर्षं त्यानं लंडनला मावसभावाकडं काढली, आणि परत आला तो लढाईतला जाणकार होऊन. सोबत कंपनीची एक मॅडम होती आणि एक दाढीवाला फोटोग्राफर. लिस्कनं कापडावर चित्रं टांगली. एका चित्रात लाल दगड, एकात पांढरा.

"बंडखोरांच्या हातून आलेला दगड रक्ताळलेला," तो म्हणाला. "कागद घेऊन आलेला दगड स्वच्छ. समजलं का सगळ्यांना?"

पा साफेआनं बसल्या जागेवरून विचारलं, "आणि लढाईत गेलेले दगड रे बाबा? ते कुठंयत आता?"

"ते विकले गेले, पा. तो विषय आता जुना झाला."

"विकले कुणी ते आम्ही पाहिलंय. घेतले कुणी?"

"पा, प्रश्न शेवटी घेऊ."

शेवट आला तेव्हा बाटल्यांतलं सरबत वाटायला लागले, आणि प्रश्न राहिला तो राहिलाच. मी मॅडमच्या समोरच बसले होते. चावडीत येताना तिच्या अंगठीवर खडा होता. आमच्याकडं नजर गेली तशी तिनं अंगठी हळूच फिरवली आणि खडा तळव्याकडं घेतला. म्हणजे बाईला मन होतं. फक्त ते तळव्यात धरायचं होतं.

त्यांना हवं होतं आमचं खाचर. आणि नुसतं खाचर नाही, खाचरासोबत फिंदाही. जिथं बाईचा हात तुटला तिथूनच पहिला स्वच्छ हिरा निघणार, आणि तीच बाई आपल्या मर्जीनं जमीन देणार, असा त्यांचा बेत. खाणीला नावसुद्धा ठेवून आले होते, आशेची खाण. खणायच्या आधी बारसं.

आमचा मुखिया पा फेंगाय. लढाईत हा सगळ्यांच्या आधी सरहद्द ओलांडून गिनीत गेला आणि सगळ्यांच्या नंतर जाडा होऊन परत आला. त्याच्या अंगणात नवं जनित्र धडधडायला लागलं, त्याच दिवशी मी फिंदाला म्हटलं, "ताई, आपलं खाचर गेलं समज."

ती म्हणाली, "अजून कणसं हिरवी आहेत."

"कणसांना विचारून कोण घेतंय?"

दुसऱ्या आठवड्यात मुखियानं आम्हा दोघींना बोलावलं. पंख्याखाली बसला होता. पंख्याचा वारा आमच्यापर्यंत येत नव्हता.

"फिंदा, तुझं भाग्य उघडलं," तो म्हणाला. "कंपनी तुला घर बांधून देणार आहे. तुझा फोटो जगभर जाणार आहे."

"पा, माझं घर आहे."

"पत्र्याचं देतील."

"पा, खाचरात वरच्या अंगाला माणसं पुरलीत."

"माणसं हलवता येतात. ते नव्या कबरी बांधून देतील. सिमेंटच्या."

"काईला सिमेंट नको होतं, पा. पाणी हवं होतं."

मुखियानं आवाज बदलला. "हे बघ, मी तुला विचारत नाहीये. तोंडावर नाही म्हणालीस तर तो मुखियाचा अपमान होतो. अपमानाचा दंड काय असतो तुला माहीत आहे. भरता आला नाही तर जमीन माझ्याकडं येते आणि तू आत जातेस. तेव्हा गुपचूप चावडीत ये, आणि पाहुणे सांगतील तसं कर. ते सांगतील त्याहून कमी नाही, जास्त नाही."

"पाहुणे सांगतील तसं," फिंदा म्हणाली.

"शहाणी आहेस."

मी मध्ये तोंड घातलं. "आणि मी हात उसना दिला नाही तर?"

त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. "तर तूसुद्धा आत. तुझ्या बाकड्याला परवाना आहे का गं, येई?"

वाटेवर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. फिंदा खाचराच्या बांधावर येऊन बसली आणि डाव्या हातानं गवत उपटायला लागली. भाताचा दाणा भरत आला होता. त्या बाईनं एकेक खड्डा बुजवताना मी पाहिलंय. थोट्या हाताला पाटी अडकवून माती वाहायची, पाटी घसरायची, परत अडकवायची. मला रडू आलं आणि राग आला, आणि राग मी तिच्यावरच काढला.

"देऊन टाकणार तू? काईला उकरून काढू देणार?"

"हो म्हटलं तरी जाणार, नाही म्हटलं तरी जाणार. हो म्हटलं तर निदान त्याला माझ्या हातानं हलवता येईल. आत असले तर कुणीतरी फावड्यानं हलवेल."

"मी हात देणार नाही जा."

"मग बाकडं घालवून बस. माझ्यापायी तुझंही जायला हवं का?" तिनं गवताची मूठ माझ्या मांडीवर टाकली. "दे गं येई. या वेळेपुरता दे. नंतर मागणार नाही."

कधी कुणाकडं काही न मागणारी बाई ती. मी हो म्हटलं. दुसरं काय करणार.

ठरल्या दिवशी चावडी सजवली होती. कापडी फलकावर आशेची खाण असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. सगळं गाव आलं होतं, कारण मुखियानं भाताची देगच चढवली होती. पुढच्या ओळीत मुद्दाम हात नसलेली माणसं बसवली. एरवी लग्नात त्यांना मागं ढकलतात. आज ती शोभेची. मुखिया झब्बा घालून मागच्या उंच खुर्चीत बसला होता. लिस्कनं त्याला सांगूनच ठेवलं होतं की बोलायचं नाही, नुसतं हसायचं.

फिंदा मध्ये उभी राहिली. मी तिच्या शेजारी. थाळीत कोलाचं फळ होतं, पांढरं, चांगलं टपोरं. समोर मॅडम. आज तिच्या बोटात अंगठीच नव्हती.

फोटोग्राफर आधी फिंदाच्या बाहीवर अडकला. थोटा हात दिसायला हवा, म्हणून त्यानं बाही वर सरकवली. लांब जाऊन पाहिलं, मान हलवली, आणि खाली ओढली. मॅडम म्हणाली की इतकं दिसलं तर बघणाऱ्याला वाईट वाटेल. त्याचं म्हणणं, इतकं झाकलं तर काहीच वाटणार नाही. दोघांचं त्यांच्या भाषेत चाललं होतं आणि लिस्क मध्ये उभा राहून दोघांनाही होय होय म्हणत होता. बाही वर, बाही खाली. बाजारात कापड बघावं तसं. शेवटी लिस्क कंटाळला आणि आमच्या बोलीत फिंदाला म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगा बरं. आखूड बाही हवी की लांब?"

पुढच्या ओळीतला एक माणूस उठला आणि बाहेर निघून गेला.

लिस्कला कसं कळणार. तो लंडनला होता. लढाईत ती पोरं माणसाला ओंडक्यापाशी बसवायची आणि नेमकं हेच विचारायची, आखूड बाही की लांब. आखूड म्हणजे कोपराच्या वरून. लांब म्हणजे मनगटातून. हेच शब्द, अगदी याच क्रमानं. आणि हातात कोयता.

फिंदानं त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. "लांब," ती म्हणाली. "मागच्या खेपेलाही मी लांबच सांगितलं होतं."

"उत्तम," लिस्क म्हणाला आणि बाही खाली ओढली.

तोवर फिंदा जमीन द्यायलाच आली होती. मी शेजारी होते, मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिथून पुढं तो श्वास बदलला. मला वाटलं आता ही ओरडेल, थाळी फेकेल, आणि आम्ही दोघी आत जाणार. तिनं काहीच केलं नाही. माझ्याकडं मान वळवली आणि थोटा हात पुढं धरला. मी त्याखाली माझा उजवा हात धरला, तळवा वर करून. पा साफेआनं उठून कोला माझ्या तळव्यावर ठेवला. रीतीप्रमाणं सगळं झालं. दोन पावलं पुढं गेलो असतो की खाचर गेलंच होतं.

तेवढ्यात फोटोग्राफर हात हलवायला लागला. मला. बाजूला हो, बाजूला हो.

लिस्क म्हणाला, "मावशी, तुम्ही जरा सरका. फोटोत फक्त त्या हव्यात. तुमचा हात मध्ये येतोय."

मध्ये येतोय. माझा हात. मी तोंड उघडणार होते. फिंदानं थोट्या हातानं माझं मनगट दाबलं आणि लिस्कला अगदी गोड आवाजात विचारलं, "साहेब, हिचा हात काढायचा म्हणता?"

"हो, काढा."

"मग मी देऊ कशानं?"

"आहे ना तुम्हाला हात. चांगला आहे तो."

"हा डावा आहे, साहेब."

लिस्क हसला. असं हसला की जणू आमच्यावर उपकार करतोय. "मावशी, ज्याला उजवा नाही त्याचा डावा चालतो. आम्ही काही जुनाट विचारांची माणसं नाही." मग मॅडमला काहीतरी सांगितलं. मॅडमनं छातीवर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. लिस्क म्हणाला, "मॅडम म्हणतात, तोच हात हवा. तोच जास्त सुंदर आहे."

मागं मुखिया खुर्चीतून अर्धा उठला होता. "अरे, हात—"

"पा, दोन मिनिटं," लिस्क म्हणाला. "बसा. आणि हसा."

मुखिया बसला. जनित्र देणाऱ्याचं ऐकावं लागतं.

फिंदा पा साफेआकडं वळली. आता तिचा आवाज साऱ्या चावडीला ऐकू जाईल असा होता. "पा साफेआ, उसना हात पाहुण्यांनी काढायला लावला. मी काढला नाही, येईनं काढला नाही. ऐकलंत ना?"

"ऐकलं," म्हातारा म्हणाला.

"आणि मुखियांनी मला सांगितलंय, पाहुणे सांगतील तसं कर."

"तेही ऐकलं."

मी हात मागं घेतला. तिनं माझ्या तळव्यावरचा कोला डाव्या हातानं उचलला आणि मॅडमच्या पुढं धरला. हात ताठ, मान वर. इतक्या डौलानं अपमान होताना मी जन्मात पाहिला नव्हता. मॅडमनं तो दोन्ही हातांनी घेतला. फोटोग्राफर म्हणाला, चावा. तिनं चावला. कोला कडू असतो, तिचं तोंड वाकडं झालं, तरी ती हसत राहिली आणि तो पुरता गिळला.

"टाळ्या," लिस्क म्हणाला.

पुढच्या ओळीला टाळी वाजवता येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांनी वाजवली नाही. मॅडम, फोटोग्राफर आणि लिस्क यांनीच वाजवल्या.

गाड्या गेल्यावर मुखियानं पंचांना बोलावलं. तो घामानं भिजला होता. "उद्या परत करू," तो म्हणाला. "नीट करू, रीतीनं."

पा साफेआ म्हणाला, "कोला खाल्ला गेला. गिळलेला घास परत ताटात येत नाही."

"हिनं मुद्दाम केलं."

"मी कसलं मुद्दाम करते, पा?" फिंदा म्हणाली. "तुम्ही म्हणालात त्याहून कमी केलं नाही, जास्त केलं नाही. 'नाही' असं तर मी म्हटलंच नाही."

मुखियाला दंड कशाचा करावा तेच कळेना. बाईनं नकार दिला असता तर सोपं होतं. तिनं तर हुकूम पाळला होता, सगळ्या गावासमोर.

आता कंपनीकडं कागद होता, शिक्का होता, फोटो होता. नव्हतं ते एकच, खणायला माणूस. डाव्या हातानं दिलेल्या जमिनीत जो फावडं मारील तो खड्ड्यातून वर येत नाही, असं आमच्याकडं मानतात. मानतात म्हणजे मानतात. हिऱ्याच्या खड्ड्यात कडा कधी ढासळेल याचा नेम नसतो, तिथं उतरणारा माणूस असल्या गोष्टीशी खेळत नाही. तेंगबाडूचा कुणी गेला नाही. लिस्कनं कोइडूहून गडी बोलावले. कोइडूचे गडी जेवायला कुठं येणार? मी कुणाला काही सांगितलं नाही हं. शपथेवर सांगते. मी नुसता डाव्या हातानं भात वाढला.

"येई, डोकं फिरलं का तुझं?" एक जण ताट मागं ओढून म्हणाला. "डाव्या हातानं वाढतेस?"

"तेंगबाडूला चाललास ना बाबा," मी म्हटलं. "सवय असू दे."

मग त्यानं विचारलं, आणि विचारल्यावर सांगायला नको का? दुपारपर्यंत अख्खा नाका रिकामा झाला. लिस्कनं बो शहराकडून माणसं आणली, त्यांनाही भूक लागतेच. यंत्र आणलं, तर यंत्र चालवणारा कोनोचाच निघाला. त्यानं यंत्र खाचराच्या बांधापर्यंत आणलं, हकीगत ऐकली, आणि आलं तसं मागं फिरवलं.

मग लिस्कनं जे केलं त्याला तोड नाही. लोकांना भरवसा वाटत नाही, त्यांना दाखवायला हवं, म्हणून त्यानं खाचराच्या तोंडाशी घराएवढा पत्र्याचा फलक उभा केला. त्यावर तो फोटो. फिंदा, आणि पुढं केलेला तिचा डावा हात. कडेला माझं कोपर राहिलंय, तेवढं कापायचं विसरले. खाली अक्षरं आहेत, ती वाचता येणारे आमच्याकडं थोडे. पण हात सगळ्यांना वाचता येतो. ज्या एखाद्याला अजून कळलं नव्हतं, त्यालाही रस्त्यावरून जाताना दुरूनच कळायला लागलं. दवंडी पिटायची तर मला बाकडं सोडून गावोगाव हिंडावं लागलं असतं. साहेबांनी आपल्या खर्चानं काम केलं.

पुढच्या कोरड्या हंगामात कंपनीनं बाडबिस्तरा आवरला. जाताना त्यांनी म्हणे वरिष्ठांना कळवलं, की इथले लोक अजून तयार नाहीत. जनित्र परत नेलं नाही, पण त्यात घालायला तेल देणारं कुणी उरलं नाही. मुखिया आता पंख्याखाली बसतो आणि पुठ्ठ्यानं वारा घेतो.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण गेल्या महिन्यात फ्रीटाऊनहून आलेल्या एका ट्रकवाल्यानं जेवता जेवता मला एक गुळगुळीत कागदांचं पुस्तक दिलं. विमानतळावर फुकट मिळतं म्हणाला. आत पानभर फिंदा. तोच फोटो. आणि समोरच्या पानावर अंगठ्या, एकीवर एक. मी ट्रकवाल्याकडून वाचून घेतलं. स्वच्छ हिरे, या बाईच्या हातून तुमच्या हाती, असं लिहिलं होतं. आमच्या खाचरातून खडा सोडा, खडेमीठसुद्धा निघालेलं नाही. कुठले दगड ते, कुणी खणले, कुणाचं रक्त, देव जाणे. चेहरा मात्र आमचा.

मी बाकडं बंद केलं आणि तडक गावाला गेले. फिंदा बांधावर बसून पाखरं हाकत होती. मी पुस्तक तिच्या मांडीवर आपटलं.

"बघ. जमीन वाचवलीस, पण तुला विकलंच त्यांनी."

तिनं बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता रडेल. तिनं बोट अंगठ्यांवरून फिरवलं.

"पुष्कळ जणींनी घेतल्या असतील का गं?"

"घेतल्याच असतील. फुकट थोडंच छापतायत."

"आणि सगळ्यांना वाटत असेल, फिंदानं दिली."

"तसंच लिहिलंय."

तिनं फोटोतल्या आपल्या हातावर बोट ठेवलं. "मग हा कुठला हात आहे, येई?"

मी पाहिलं. आणि मला हसू फुटलं, असं की बांधावरून खाली पडायची वेळ आली. ती हसत नव्हती.

"जेवढ्या जणींनी घेतली," ती म्हणाली, "तेवढ्या जणींना मी डाव्या हातानं दिलीय."

तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, त्यावर दगड ठेवला, आणि डबा उघडायला सांगितला. मी भात घेऊन आले होते. वाढायला लागले तर तिनं माझ्या हाताकडं निरखून पाहिलं.

"उजव्यानं वाढ," म्हणाली. "मला भूक लागलीय."